डोईपट्टी

तात्याबानं म्होरक्या एडक्याचं शिंग मुठीत धरलं आणि त्याला ओघळीत मागं दाबलं. एडका मागं सरेना. शंभर पावलांवर विट्याहून सांगलीला जाणारा रस्ता होता, रस्त्यापलीकडं तळं होतं, आणि सकाळपासून तहानलेल्या जनावराला पाण्याचा वास आला की ते मालकाचंही ऐकत नाही. एडका एकदा रस्त्याला लागला की मागचा सगळा कळप त्याच्या मागनं जाणार. मेंढराची जातच तशी, पुढच्याचं शेपूट दिसलं की पुरे. म्हणून म्हातारा शिंग सोडत नव्हता.

रस्त्याच्या कडेला लिंबाखाली एक माणूस बसला होता. डोक्याला काळी टोपी, मांडीवर चोपडी, शेजारी दौत. उन्हं वर आली तरी उठायचं नाव नाही.

"अजून हाय का?" बनाबाईनं मागनं विचारलं.

"हाय."

"मोजायलाच बसलाय मेला."

तात्याबानं शिंग आणखी घट्ट धरलं. त्याच्या मनातलंच बायको बोलली होती, त्यावर आणखी काय बोलायचं?

ही भीती काही घरातनं आणलेली नव्हती. ती वडूजच्या बाजारात मिळाली होती, आणि फुकट मिळाली होती. लढाई संपून दुसरं वर्ष चाललं होतं, लोकल बोर्डाची निवडणूक लागली होती. बोर्डाच्या मनात होतं, की पूर्वेकडच्या दुष्काळी गावांतनं खडीचा रस्ता करावा, त्यावर बोर्डाची स्वतःची मोटार चालवावी, आणि त्यासाठी शेतसाऱ्यावर रुपयामागं अर्धा आणा मोटारपट्टी बसवावी. एवढंच. तात्याबाचा बारा एकर खडकाळ माळ. त्यावर बसणारी पट्टी वर्षाकाठी विडीकाडीच्या खर्चाइतकीही झाली नसती. पण हंबीररावांच्या साठ बैलगाड्या गूळ आणि हळद सांगलीच्या पेठेत ओढायच्या. आज मोटार माणसं नेईल, उद्या ढेपा नेईल, आणि गाड्या दारात उभ्या राहतील, हे त्यांना चांगलं कळत होतं. तेव्हा हंबीरराव निवडणुकीला उभे राहिले आणि त्यांच्या माणसानं भर बाजारात पत्र्याच्या कर्ण्यातनं हँडबिल वाचलं.

त्यात मोटारपट्टी हा शब्दच नव्हता. त्यात होती डोईपट्टी. घरातल्या दर डोक्याला पट्टी, दर जनावराला पट्टी, ज्याचा खूर रस्त्याला लागेल त्याची पट्टी. नुसता रस्ता ओलांडला तरी चुकायची नाही. ज्याला देता यायची नाही त्याचं जनावर सरळ कोंडवाड्यात. वाचता वाचता कर्णा क्षणभर थांबला आणि म्हणाला, की मंडळी, पोटुशी बाई असंल तर दोन डोकी धरनार. बाजार हसला. तात्याबा हसला नाही, कारण त्याच्या घरात पोटुशी बाई होती.

त्यात धनगराला मोजदाद आधीच वावडी. कळपात मेंढरं किती, असं कुणी विचारलं असतं तर तात्याबाला सांगता आलं नसतं. येत नव्हतं म्हणून नव्हे, मोजायची नसतात म्हणून. मोजलं की दृष्ट लागते, मोजलेलं घटतं, हे त्याला बापानं सांगितलं होतं आणि बापाला त्याच्या बापानं. तो मेंढरं तोंडावरनं ओळखायचा. सांजेला कळप बसला की एकवार नजर फिरवायचा आणि कोण आलं नाही ते त्याला बरोबर कळायचं. त्याच कळपावर आता कुणी परका चोपडी घेऊन बोट फिरवणार, हा विचार तीन दिवस झाले तरी त्याच्या डोक्यातनं जात नव्हता.

दिवाळी झाली की त्यांचं बिऱ्हाड दर वर्षी कृष्णाकाठाला उतरायचं. मळ्यात मेंढरं बसवायची, जमिनीला लेंडीखत मिळायचं, त्याबदली मळेवाला धान्य द्यायचा. लेक ज्योतिबा मळा ठरवायला चार दिवस आधीच पुढं गेला होता. मागं राहिली होती ती तिघं. म्हातारा, म्हातारी, आणि ज्योतिबाची बायको हरणाबाई. तिला आठवा सरत आला होता. संसार तट्टाच्या पाठीवर होता आणि ती चालत होती, कारण त्यांच्यात सगळ्याच चालत आल्या होत्या. सकाळपासून ती फारशी बोलली नव्हती. ओघळीच्या सावलीत एकदोनदा कंबर धरून उठली, परत बसली. बनाबाईनं विचारलं तर म्हणाली, चालून भरून आलंय, आत्ती.

अखेर एडक्यानंच निकाल लावला. त्यानं मान अशी काही झटकली की शिंग म्हाताऱ्याच्या मुठीतनं सुटलं, आणि तो धूळ उडवत वर निघाला. मग काय विचारता, सगळा कळप त्याच्या मागं. तात्याबा दोन्ही हात पसरून आडवा झाला, पण कोण ऐकतंय. बघता बघता मेंढरं रस्त्यावर चढली आणि पलीकडं तळ्यावर उतरली. लिंबाखालचा माणूस उठून उभा राहिला आणि त्यानं हात केला.

त्याचं नाव आकाराम. तो काही सरकारी माणूस नव्हता. तो हंबीररावांचा कारकून, आणि बाजारात कर्ण्यातनं बोलला होता तो हाच. पण त्या दिवशी गर्दीच्या मागनं तात्याबाला टोप्या आणि पटके तेवढे दिसले होते, आणि कर्ण्याविना माणसाचा आवाज वेगळाच लागतो. चोपडीत होती मतदारांची यादी. मताच्या आधीच धनगरं कृष्णाकाठाला उतरतात आणि हातची मतं जातात, म्हणून त्यांना वाटेत गाठायला हंबीररावांनी आकारामला तिथं बसवलं होतं.

त्यानं नाव विचारलं, तात्याबानं सांगितलं. यादीत बोट फिरलं आणि एका ठिकाणी थांबलं. तात्याबाला ते बोट आपल्या मानेवर ठेवल्यासारखं झालं. मग आकारामनं आपलं सहज, चार शब्द बोलायचे म्हणून, घरात माणसं किती, असं विचारलं.

"दोन," तात्याबा म्हणाला. "मी आन् म्हातारी."

आकारामनं मान वर केली. वीस पावलांवर हरणाबाई तट्टाचा कासरा धरून उभी होती. तिचं पोट काही लपण्यासारखं नव्हतं.

"आन् ती?"

"ती व्हय. ती वाटंवर भेटली. आमची न्हाई."

"मेंढरं?"

"ती बी आमची न्हाईत. राखाया हायेत."

आकाराम काही खुळा नव्हता. म्हातारा कशाला भ्यालाय हे त्याच्या ध्यानात आलं, आणि क्षणभर त्याला गंमतही वाटली. एक वाक्य बोलला असता तर म्हाताऱ्याच्या छातीवरचा धोंडा उतरला असता. पण भीती घातलेलं मत फुटत नाही, असं हंबीरराव रोज सांगायचे, आणि आकारामच्या घरची चूल हंबीररावांच्या जिवावर पेटायची. त्यानं टाक दौतीत बुडवला, कोऱ्या कागदावर उगाच दोनदा हलवला आणि आवाज जड केला.

"खोटं निघालं तर कळप कोंडवाड्यात जाईल, ध्येनात ठेव. म्हातारीला मेंढरांवर ठेव आन् परवा मताला ये. मोटार नको म्हन, म्हंजी सुटशील."

हरणाबाईनं ते सगळं ऐकलं. तिनं एकदा सासऱ्याकडं पाहिलं. मग तट्टाचा कासरा बनाबाईच्या हातात दिला, पदर पुढं ओढला आणि खरोखरच वाटेवर भेटलेल्या बाईसारखी ती एकटी, त्यांच्यापासून लांब, तळ्याच्या कडेच्या बाभळीमागं जाऊन बसली. तात्याबाला ते दिसलं. त्याला वाईट वाटलं, पण भीतीपुढं त्याचं काही चाललं नाही. पोर शहाणी आहे, सांभाळून घेतलं तिनं, असं त्यानं मनाशी म्हटलं.

मेंढरं पाणी पिऊन सावलीला टेकली. लिंबाखालचा माणूस अजून तिथंच होता, म्हणून तात्याबाही आपला सुनेकडं पाठ करून बसला. त्या वेळात बाभळीमागं काय चाललंय, हे त्याला कळलं नाही. हरणाबाईच्या कळा सकाळीच सुरू झाल्या होत्या. आता त्या अंगावर येत होत्या, आणि तिनं पदराचा बोळा दातांत धरला होता. ओरडावं तर चोपडीवाला ऐकणार. कण्हावं तर सासू धावणार, आणि मग ही कुणाची कोण हे त्याला समजणार. आपल्या एका आवाजानं सगळा कळप जाईल, या धास्तीनं ती बाई तोंड दाबून जमिनीला नखं लावत होती.

बनाबाईला कसा कोण जाणे, संशय आला. ती बाभळीमागं गेली आणि बराच वेळ आली नाही. आली तेव्हा तिचे हात कोपरापर्यंत भरलेले होते. अख्ख्या वाडीची बाळंतपणं तिनं केलेली, अडलेली मेंढरं सोडवलेली. पण तिचं असं तोंड तात्याबानं कधी पाहिलं नव्हतं.

"पोराचा हात आलाय म्होरं," ती म्हणाली.

"मंग फिरीव की. मेंढरू फिरीवतीस तसं."

"मेंढरू न्हवं ती. माज्यानं व्हायाचं न्हाई. सांगलीला दवाखान्यात न्याया पायजे, न्हाईतर दोनी जीव जात्यात."

सांगली बारा कोस. तट्टावर घालायची सोय नव्हती, गाडी मिळाली तरी पोचायला रात्र झाली असती. राहिली मोटार. बोर्डानं त्या महिन्यात नमुन्याची म्हणून एक मोटार वडूजपासून सांगलीपर्यंत सोडली होती. कोळशावर चालणारी, मागं भट्टी लावलेली, धुराचा लोट सोडणारी. ती दुपारी या रस्त्यानं जायची. तात्याबाला ते पक्कं ठाऊक होतं, कारण ती पट्टीवाल्यांची म्हणून दोन दिवस तो तिच्यापासूनच लपत आला होता.

आणि तिला हात करायचा म्हणजे कुठं करायचा? त्या चोपडीवाल्याच्या समोर. त्याच्यादेखत म्हणायचं, की ही माझी सून, ही मेंढरं माझी, मघाशी मी खोटं बोललो. मग काय, कोंडवाडा. ज्योतिबा कृष्णाकाठाला मळा ठरवून वाट बघत असणार. त्याला काय दाखवायचं, नुसत्या काठ्या? तात्याबा खाली बसला. माळाच्या टोकाला, लांब, धूर दिसायला लागला.

बनाबाई त्याच्यापुढं उभी राहिली. ती ओरडली नाही.

"आवं, ती आपली न्हाई म्हनालासा," ती म्हणाली. "मंग कुनाची हाय?"

खरं सांगायचं तर म्हातारा त्यावरही लगेच उठला नाही. दहा-बारा श्वास तो तसाच बसून राहिला, धुराकडं बघत. मोटारीची घरघर ऐकू यायला लागली. मग तो उठला, कळपात शिरला, एडक्याचं शिंग धरलं आणि त्याला ओढत रस्त्यावर घेऊन आला. मधोमध आणून उभा केला. कळप उठला आणि त्याच्या मागनं आला. ह्या कडेपासून त्या कडेपर्यंत रस्ता मेंढरांनी भरून गेला.

मोटार भोंगा वाजवत आली आणि चार हातांवर करकचून थांबली. लालासाहेब नावाचा फौजेतनं सुटून आलेला गडी ती चालवायचा. अंगात अजून खाकी सदरा. त्यानं बाहेर डोकं काढून धनगराच्या सात पिढ्या उद्धरल्या. तात्याबानं ते ऐकलंच नाही. तो मोटारीच्या पुढ्यात हात जोडून उभा होता.

"सरकार, माजी सून हाय. हरणाबाई नाव. वाटंवर भेटल्याली न्हाई, माज्या लेकाची बायकू हाय. पोटात एक हाय. दोन डोकी लिवा, पर हिला न्या."

लालासाहेबाला आयुष्यात कुणी सरकार म्हटलं नव्हतं. तो बघतच राहिला. म्हाताऱ्याचं तोंड मात्र थांबेना.

"मेंढरं बी माजीच. किती ते ठावं न्हाई, मोजली न्हाईत कवा. तुमी लिवून घ्या. ही लांबकानी. ही काळतोंडी, हिच्या पाठची ही. ह्यो फुटक्या शिंगाचा. हिला गेल्या साली लांडग्यानं धरली हुती, त्यातनं वाचली..."

तो एकेका मेंढराच्या पाठीवर हात ठेवून पुढं सरकत होता. जन्मात कुणापुढं मोजली नव्हती ती मेंढरं तो त्या परक्या माणसाला एकेक करून दाखवत होता, आणि त्याच्या डोळ्यांतनं पाणी वाहत होतं. मोटारीतली माणसं चेष्टा करायला वाकली होती ती गप्प झाली. लालासाहेब काहीतरी बोलणार होता, एवढ्यात त्याला म्हाताऱ्यामागं उभ्या असलेल्या बनाबाईचे हात दिसले. तो खाली उडी मारून आला.

"कुटं हाय ती?" त्यानं विचारलं. मग चालता चालता म्हणाला, "आन् लिवायचं कशात, बाबा? माज्याजवळ कागुद न्हाई का पेन्सल न्हाई."

"पट्टीच्या वहीत."

लालासाहेबानं लिंबाकडं पाहिलं. वडूजपासून इथवर तो हेच ऐकत आला होता. मोटारीत बसलं की नाव लागतं म्हणून लोक उन्हातनं चालत जायचे आणि त्याची मोटार निम्मी रिकामी पळायची. आकारामनं मान खाली घातली. लालासाहेब त्याला तसाच सोडून बाभळीकडं वळला, कारण वेळ नव्हता.

सासऱ्यानं सुनेला हात लावायची रीत नव्हती, तरी तात्याबानं तिला एका बाजूनं उचललं. मोटारीतल्या बायांनी बाकावर पटकुरं अंथरली, पुरुष टपावर गेले. हरणाबाईचे डोळे मिटलेले होते. पदराचा बोळा अजून तिच्या दातांतच होता आणि तो काही केल्या सुटत नव्हता. बनाबाईनं तिच्या कानाशी वाकून, ओरड गं बाई, आता ओरड, असं दोनतीनदा सांगितलं, पण ती ओरडली नाही. मग बनाबाई तिचं डोकं मांडीवर घेऊन बसली, तात्याबानं एडक्याला बाजूला ओढलं, आणि मोटार गेली.

धूर विरला. रस्त्यावर राहिली ती मेंढरं, तट्टू, आणि दोघं पुरुष.

आकाराम लिंबाखालनं उठून आला. त्यानं चोपडी उघडून म्हाताऱ्यापुढं धरली.

"म्हातारबा, बघा, मी काय बी लिवलं न्हाई," तो म्हणाला. "पट्टी जिमिनीवर हाय. डोक्यावर न्हाई, मेंढरावर बी न्हाई. त्ये पोटातल्याचं तर हँडबिलात बी नव्हतं. माज्या मनानं बोललो बाजारात. मानसं हसावीत म्हनून."

तात्याबानं त्याच्याकडं पाहिलं. मघाशी एक बोलला, आता एक बोलतोय. यातलं कोणतं खरं आणि कोणतं सापळ्यातलं, हे त्याला कळायला मार्ग नव्हता, आणि आता त्याला ते कळून घ्यायचंही नव्हतं. त्याची भीती काही गेली नव्हती. तिनं नुसती जागा बदलली होती. सकाळपासून सून मोजली जाईल म्हणून त्याच्या जिवाचं पाणी होत होतं. आता ती कुठंच, कुणाच्याच मोजदादीत नाही, आपणच तिला नाही म्हटलं, आणि ती बारा कोसांची वाट तशीच गेली आहे, हा विचार त्याला खात होता. तो रस्त्याच्या कडेला आकारामच्या समोर मांडी घालून बसला.

"लिव," तो म्हणाला.

"काय लिवू?"

"तिचं नाव. हरणाबाई, जोतिबाची बायकू. माज्या घरची."

"आवं, पट्टी न्हाई म्हनतो न्हवं. देवाशपथ."

"लिव तू."

आकाराम खाली बसला. त्यानं दौतीचं बूच काढलं, चोपडीचं शेवटचं कोरं पान उघडलं आणि लिहिलं. तात्याबा पुढं वाकला. त्याला वाचता येत नव्हतं. शाई अजून ओली आहे, एवढं त्याला दिसलं. तो ती वाळेपर्यंत बघत राहिला.

"आता त्याच्या खाली जागा सोड," तो म्हणाला. "एका डोक्याची."